कान वाजतात त्यांच्यासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. इचलकरंजीत एका यंत्रमागाच्या शेडमध्ये २२ वर्षं दिवाणजी होतो आणि गेली १४ वर्षं माझ्या दोन्ही कानांत रातकिडा बसला आहे. माझे कान वाजतात ही बातमी फुटल्यापासून ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे, कुणाचे तरी साडू असे सगळे फोन करतात. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहिली. यातला वैद्यकीय भाग कान-नाक-घसा तज्ज्ञांना आणि ऑडिऑलॉजिस्टना (ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञांना) विचारून विचारून भंडावल्यावर हाती लागला, बाकीचं सगळं अंगावरून गेलेलं आहे. तुमच्या कानात दुर्बीण घालून बघणाऱ्या माणसाचं काम मात्र या पानाने होणार नाही.

याला म्हणतात तरी काय?

डॉक्टर टिनिटस म्हणतात, पुस्तकी मराठीत कर्णनाद. बाहेर काहीही वाजत नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणं. कुणाला शिट्टी, कुणाला कुकरची वाफ, कुणाला ट्रान्सफॉर्मरची घूं घूं. हा स्वतंत्र रोग नाही, तापासारखं लक्षण आहे. मागचं कारण प्रत्येकाचं वेगळं असू शकतं.

'तुझे कान वाजले असतील' असं आपण एरवी न बोललेलं ऐकणाऱ्याला म्हणतो. दुखणं मात्र जुनं आहे. माधवनिदानात कर्णनादाच्या रोग्याला भेरी, मृदंग, शंख यांचे आवाज येतात असं दिलंय, आणि बासरीसारखा सूर येत असेल तर त्याला कर्णक्ष्वेड हे वेगळं नाव. तेव्हा यंत्रमाग नव्हते, नाहीतर तेही यादीत आले असते.

हे माझ्या एकट्याच्याच नशिबी आलंय का?

नाही. २०२२ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. तिच्यात साधारण १४ टक्के प्रौढांना कर्णनाद असल्याचं दिसलं, आणि दोन टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना तो तीव्र. म्हणजे ४४ सीटच्या भरलेल्या एसटीत सहा जणांचे कान वाजत असतात आणि त्यातल्या एखाद्याचंच जगणं त्याने अवघड झालेलं असतं. उरलेले पाच जण हा आवाज घेऊन निवांत खिडकीबाहेर कसे बघतात, याच्याच मागे मी १४ वर्षं आहे. पुढची बहुतेक उत्तरं त्याचीच आहेत.

डोक्यात काही बिघाड तर नाही ना? वेड लागतंय का?

नाही. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकन संशोधकांनी ठणठणीत ऐकू येणाऱ्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतंय ते सांगा म्हणाले. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज सांगितला: गुणगुण, शिट्टी, घूं घूं. पूर्ण शांततेत बहुतेक सगळ्यांचंच डोकं वाजतं. तुमचं जरा जास्त वाजतंय, एवढंच.

शब्द, हाका, कुणी बोलल्यासारखं ऐकू येत असेल तर ते वेगळं. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, लाजू नये.

आवाज येतो कुठून, कानातून की मेंदूतून?

सुरुवात बहुतेक वेळा कानात होते, मुक्काम मेंदूत असतो.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक गुंडाळी असते. तिच्यात दर कानाला साधारण १५ हजार केसपेशी. हवेतला आवाज या पेशी विजेच्या संदेशात बदलतात आणि श्रवणाची नस तो मेंदूला पोचवते. माणसात या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने मरतात, वयाने मरतात, काही औषधांनीही मरतात. उंच पट्टीचे सूर टिपणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून बहुतेकांचा कर्णनादही उंच, बारीक असतो.

आता मेंदूचं काय होतं? रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाजाची कळ पिळतो आणि गाण्याऐवजी खरखर मोठी होते. कानाकडून येणारा माल कमी झाला की मेंदू तशीच कळ पिळतो, आणि मग त्याच्या स्वतःच्या तारांमधली खरखर आपल्याला ऐकू येऊ लागते. पूर्वी काही शल्यवैद्यांनी वैतागलेल्या रोग्यांची श्रवणाची नसच कापून पाहिली. अनेकांचं ऐकणं गेलं आणि आवाज तसाच राहिला.

पण मला ऐकू तर नीट येतं!

मीही हेच म्हणत होतो. मग ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढला. कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ आली आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली गेली. गोंगाटात काम केलेल्यांच्या कानाची ही ओळखखूण आहे. तिथे स, श, फ असली बारीक व्यंजनं राहतात. सुताला खळ लावून देणारा सायझिंगवाला फोनवर 'साठ' म्हणायचा आणि मी वहीत 'आठ' लिहायचो. मालक म्हणायचे, दिवाणजींचं लक्ष नाही. लक्ष होतं, 'स' पोचत नव्हता.

काहींचा ऑडिओग्राम खरोखरच स्वच्छ येतो. नेहमीची तपासणी ८००० हर्ट्झपर्यंतच जाते. त्याच्यावरची, किंवा नसेच्या टोकांची झीज तिच्यात दिसत नाही.

डॉक्टरकडे लगेच कधी पळायचं?

एका दिवसात, किंवा दोन-तीन दिवसांत, एका कानाचं ऐकणं एकदम कमी झालं तर त्याच दिवशी. 'दडा बसला असेल, सुटेल' म्हणत आठवडा घालवू नका. अशा वेळी स्टिरॉइड दिलं जातं आणि त्याचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो. आमच्या शेडमधल्या, माग दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरने गुळण्या आणि वाफारे यात महिना घालवला. तो कान त्याचा कायमचा गेला.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धप् धप् येत असेल तर तो साधा कर्णनाद नाही. मनगटावर बोट ठेवून ताल जुळतो का बघा. जुळला तर रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि मान-डोक्याच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. आवाज एकाच कानात असेल आणि त्याच कानाला कमी ऐकू येत असेल तर एमआरआय सांगतात. श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, ते बघायला. ती क्वचित असते आणि असली तरी बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. एमआरआयचं यंत्र भयंकर वाजतं, कानात घालायला प्लग मागून घ्या. चक्कर, चेहरा वाकडा होणं, कानातून पू किंवा रक्त, डोक्याला मार लागल्यावर सुरू झालेला आवाज, यांतलं काहीही असलं तर थांबू नका.

साधा मळ असू शकतो का?

हो, आणि तसं निघालं तर देवाला नारळ फोडा. पण काडी, हेअरपिन, किल्ली, रस्त्यावरचा कान कोरणारा, यांतलं काही नको. डॉक्टरकडून काढून घ्या.

कुठल्या औषधाने कान वाजायला लागतात?

जास्त मात्रेतलं ॲस्पिरिन, क्विनाइन, अमिकासिन, जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, शिरेतून दिलं जाणारं फ्युरोसेमाइड. औषधप्रतिकारक क्षयरोगाच्या उपचारात अमिकासिन चालू असेल आणि कान वाजू लागले तर पुढच्या तारखेची वाट न बघता सांगा. स्वतःहून मात्र काही बंद करू नका. हृदयासाठीची रोजची छोटी ॲस्पिरिन बहुधा याला कारण नसते.

हा आवाज जाईल का?

मिरवणुकीनंतर कानठळ्या बसून आलेला आवाज बहुतेकदा एक-दोन दिवसांत जातो. मळ, कानाचा संसर्ग, औषध यांमुळे आलेला कारण गेल्यावर जाऊ शकतो. सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्याला डॉक्टर 'दीर्घकालीन' म्हणतात, आणि तो पूर्ण नाहीसा होण्याची आशा कमी असते. होतो, पण थोड्यांचा.

मला हे कुणी सरळ सांगितलं नाही. पहिली दोन वर्षं प्रत्येक डॉक्टर 'बघू, कमी होईल' म्हणत राहिला आणि मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी कान टवकारून बघत राहिलो, आज गेलाय का. ती रोजची तपासणी हाच माझा खरा आजार होता, हे फार उशिरा कळलं. आवाज किती मोठा आहे आणि त्याचा त्रास किती होतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्णनादाची पट्टी आणि मोठेपणा मशीनवर जुळवून पाहिला तर तो बहुतेकांचा ऐकू येण्याच्या किमान पातळीच्या वर दहा डेसिबलच्या आतच निघतो. झोप उडालेल्याचा आणि निवांत झोपणाऱ्याचाही. माझा सहा निघाला. मी ऑडिऑलॉजिस्ट बाईंना म्हणालो, मशीन बिघडलंय तुमचं.

आवाज तेवढाच ठेवून त्रास उतरवता येतो. मला दीड-दोन वर्षं लागली.

गोळी आहे का?

आवाज घालवणारी, कुठल्याही सरकारी नियामकाने त्यासाठी मान्य केलेली गोळी आजतरी नाही. गिंको, झिंक, मेलाटोनिन आणि 'कानाच्या नसेसाठी'ची जीवनसत्त्वं यांची शिफारस करू नये असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे. बीटाहिस्टिन आपल्याकडे सर्रास लिहून देतात. चक्कर येणाऱ्यांसाठी ते दिलं जातं, नुसत्या कर्णनादावर त्याचा उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही. मी गिंकोची पाकिटं तीन वर्षं खाल्ली. फायदा औषधवाल्याला झाला.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांबद्दल एवढंच: अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि सोडताना कान आणखी वाजतात. कुणाचं उरलेलं पाकीट घेऊ नका. कर्णनादाच्या जोडीला नैराश्य असेल तर त्याचं औषध मात्र जरूर घ्यावं. त्याने आवाज नाही, माणूस सुधारतो.

कानात लसणाचं तेल? भ्रामरी? कुणी म्हणतं अनाहत नाद आहे!

तेलाने आतल्या कानाला काही होत नाही. पडद्याला भोक असेल तर उलट संसर्ग होतो, आणि भोक आहे की नाही हे घरी कळत नाही. म्हणून कानात तेल घालून झोपू नका, दोन्ही अर्थांनी.

भ्रामरी करताना आपलाच गुंजारव आवाजाला झाकतो आणि श्वास संथ होतो. बरं वाटतं, मी करतो. आवाज जात नाही.

अनाहत नादाचं सांगायचं तर आमच्या गल्लीतल्या एका माळकरी आजोबांनी माझे हात धरून सांगितलं, "अरे, योग्यांना तपश्चर्या करून ऐकू येतो तो तुला फुकट मिळाला." पटलं नाही. पण त्या दिवसापासून आवाजावरचा राग थोडा उतरला हे खरं आहे. ज्याला त्याला जे लागू पडेल ते.

सगळे म्हणतात 'लक्ष देऊ नका'. ते जमत नाही, काय करू?

हे वाक्य म्हणणाऱ्याला एकदा सांगा, पाच मिनिटं जिभेकडे लक्ष देऊ नका. ती लगेच तोंडात मावेनाशी होते.

मराठीत कानाडोळा करणं असा फार चांगला शब्द आहे. पण कानाडोळा ठरवून करता येत नाही, तो होतो. पंख्याचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही तो तुम्ही ठरवलंय म्हणून नाही. मेंदूने त्याला 'बिनकामाचा' असा शिक्का मारलाय म्हणून. १९९० मध्ये पावेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने कर्णनादाबद्दल हेच मांडलं: आवाज सगळ्यांकडे असतो, पण ज्याच्या मेंदूने त्याला धोक्याची घंटा मानलं त्याची छाती धडधडते, झोप जाते, आणि मेंदू म्हणतो, बघा, धोका होताच. हे चाक उलटं फिरवायचं तर आवाजाशी भांडण नाही, भीतीशी करावं लागतं.

प्रत्यक्षात मी काय केलं ते सांगतो. पहिलं, सकाळची तपासणी बंद. उठलो की लगेच रेडिओ. दुसरं, इंटरनेटवर 'टिनिटस उपाय' शोधणं बंद. कारण शोधताना तासभर मी फक्त आवाजच ऐकत असायचो. तिसरं, हातांना काम. बिलांच्या बेरजा करताना आवाज असायचा आणि नसायचा. एक दिवस दुपारी चारला चहा आला तेव्हा ध्यानात आलं की जेवणानंतर तो आठवलाच नाही. पुढच्या क्षणी अर्थातच परत आला. पण तीन तासांची ती सुट्टी मी आजही विसरलो नाही.

मग शांत ठिकाणी राहायला जाऊ का?

नका जाऊ. ही चूक मी केली. शांतता मिळावी म्हणून आठ दिवस शिरोळ तालुक्यात बहिणीच्या मळ्यातल्या घरी जाऊन राहिलो. तिने कौतुकाने मधली खोली दिली, खिडक्या लावल्या, "दादा, इथं कुणी आवाज करणार नाही." ती रात्र मी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट रात्रींत धरतो. कानात जणू शंभर माग चालू होते. दोन वाजता उठलो, अंगणात बाज टाकली आणि आडवा झालो. बांधावर रातकिडे ओरडत होते, खरे. विहिरीवर मोटर चालू होती, पाटातून पाणी जात होतं. माझा रातकिडा त्यात कुठला आणि बांधावरचा कुठला, हे उलगडत पडलो आणि उलगडता उलगडता झोप लागली.

ऑडिऑलॉजिस्ट जे पैसे घेऊन शिकवतात ते हेच आहे. काळोखात मेणबत्ती डोळ्यांवर येते, दिवसा तीच दिसतही नाही. कानाभोवती थोडा उजेड ठेवायचा.

रात्री नेमकं काय लावायचं?

पावसाचा, पाण्याचा, पंख्याचा, कुठलाही एकसुरी आवाज, ज्यात शब्द नाहीत. गाणी नकोत, मन चालीमागे जातं. कुणी बोलतंय असं तर नकोच. मोबाईल उशापासून दोन हात लांब, स्पीकरवर. पातळी अशी ठेवा की कर्णनाद जरासा ऐकू येत राहील, पूर्ण बुडणार नाही. पूर्ण बुडवला तर मेंदूला त्याची सवय होण्याची संधीच मिळत नाही, आणि तुम्ही रोज एक काडी आवाज वाढवत जाता. इयरफोन घालून झोपू नका. थंडीत पंखा लावला की घरचे कुरकुर करतात. आमच्याकडे त्याचं तोंड भिंतीकडे करून तोडगा निघाला.

मध्यरात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून बसा. अंथरुणात पडून ऐकत राहिलात तर अंथरूण म्हटलं की आवाज अशी जोडी जमते.

श्रवणयंत्राने आवाज वाढेल ना?

उलट बहुतेकांना बरं वाटतं. बाहेरचं ऐकू आलं की मेंदू ती कळ थोडी सैल करतो. ऐकणं कमी असलेल्या कर्णनादवाल्याने श्रवणयंत्र घालून पाहावं असं २०१४ च्या त्याच सूचनांतही आहे. विकत घेण्याआधी आठवडाभर वापरून बघायला मागा. जो दुकानदार ऑडिओग्राम न काढता मशीन दाखवतो त्याच्याकडून परत फिरा. किंमत पंधरा-वीस हजारांपासून लाखांत जाते आणि महागडंच लागतं असं नाही. फिटिंग नीट पाहिजे, त्यासाठी तीन-चार खेपा घालाव्या लागतात. उत्पन्न कमी असेल तर केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी करा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. तपासणीपासून यंत्रापर्यंत सगळं तिथे होतं.

समुपदेशनाने कानाचं दुखणं बरं होतं?

कानाचं नाही, त्रासाचं होतं. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी, हा आजवर सर्वांत जास्त पुरावा असलेला उपचार आहे. २०२० मध्ये २८ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, त्यात तिच्याने कर्णनादाचा जगण्यावरचा भार कमी होतो असं दिसलं. त्यात 'हा आवाज माझं आयुष्य खाणार' अशी जी वाक्यं आपण दिवसभर मनात घोळवतो ती पकडून तपासायला शिकवतात. मी कोल्हापूरला बारा बैठका केल्या. पहिल्या बैठकीला गेलो तो बायकोला 'ऑडिटरकडे जातोय' सांगून.

चहा सोडू का? मीठ?

चहा सोडून फायदा झाल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. सोडणाऱ्याचं डोकं मात्र दुखतं. मीठ कमी करायला मेनिएर नावाच्या, चक्कर येणाऱ्या कानाच्या रोगात सांगतात. दारूनंतरची रात्र वाईट जाते, तो झोपेचा दोष.

भांड्यांचा आवाज सहन होत नाही.

स्टीलचं ताट पडलं की कानात सुरी, असं ना? कर्णनादाच्या जोडीने हे बऱ्याचदा येतं. यावर कानात सतत बोळे घालून हिंडणं हा सर्वांत वाईट उपाय. कान जितके झाकाल तितके ते हळवे होतात. हळूहळू साध्या आवाजांत राहायची सवय करावी लागते, शक्यतो ऑडिऑलॉजिस्टच्या मदतीने.

दात आवळले, मान वळवली की आवाज बदलतो. असं कसं?

जबडा आणि मानेच्या नसांचे धागे मेंदूत श्रवणाच्या केंद्रापाशी भेटतात. अनेकांचा बदलतो. झोपेत दात खात असाल तर दंतवैद्यांना, मान आखडत असेल तर फिजिओथेरपिस्टना दाखवा. यांना खरंच उतार पडू शकतो.

घरच्यांनी कसं वागावं?

आमची ही रोज सकाळी विचारायची, "अहो, आज कसंय?" प्रेमाने विचारायची. पण त्या एका प्रश्नाने झोपेतून उठलेला रातकिडा खांद्यावर येऊन बसायचा. तीन वर्षांनी धीर करून सांगितलं, विचारू नकोस. ती रुसली. दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी न बोलता उठून आकाशवाणी सांगली लावलं आणि चहा ठेवला. तेव्हापासून तेच चालू आहे.

बाकी, स्वयंपाकघरातून बोलू नका, समोर येऊन बोला. पुन्हा विचारलं तर 'जाऊ दे, काही नाही' म्हणू नका. कमी ऐकणाऱ्याला त्याच्याइतकं दुसरं काही लागत नाही. आणि 'आम्हाला तर काही ऐकू येत नाही' हे सांगायची गरज नाही, ते त्याला माहीत आहे.

नवीन मशीन आलंय म्हणे?

जिभेला सौम्य विजेचे झटके आणि कानात आवाज असं एकत्र देणारं आयर्लंडमधलं एक उपकरण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२३ मध्ये मान्य केलं. काहींना त्याने त्रास कमी वाटतो. आवाज बंद करणारं यंत्र ते नाही, आणि महाग आहे. कानात लेझर, चुंबकाची शेक, '३० दिवसांत कायमचं बरं' अशा जाहिरातींना फोनही करू नका. एकदा नंबर गेला की ते सोडत नाहीत.

याचं दिव्यांग प्रमाणपत्र किंवा भरपाई मिळते का?

नुसत्या कर्णनादाचं नाही. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो नाही. ऐकणं दोन्ही कानांत बरंच गेलं असेल, साधारण ६० डेसिबलच्या पुढे, तर श्रवणदोषाचं मिळू शकतं. गोंगाटाने आलेला बहिरेपणा व्यवसायजन्य आजारांच्या सरकारी यादीत आहे. पण त्यासाठी आधी तुमचं नाव हजेरीपटावर असावं लागतं. आमच्याकडच्या किती विणकरांचं असतं ते मी लिहीत होतो, म्हणून जास्त बोलत नाही.

जीव नकोसा झालाय.

मलाही एकदा झाला होता. हे वाचायचं थांबवा आणि घरातल्या एका माणसाला आत्ता सांगा, नाहीतर १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. अशी रात्र सरते, पण त्या रात्री एकटं राहू नका.

मुलगा ढोल-पथकात जातो. अडवू का?

माझा पुतण्या पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी मुठेच्या पात्रात सराव. अडवलं असतं तर ऐकलं नसतं, आणि त्याच्या वयात मीही ऐकलं नसतं. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढले तर कानाची दिवसाची मर्यादा संपते, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला हिशेब पंधरा मिनिटांवर येतो. शेजारी पन्नास ढोल आणि ताशे असताना तुम्हीच मोजा. आमच्या शेडमध्ये विणकर कानात सुताचा चोथा कोंबायचे. कापसाने जवळजवळ काहीच अडत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

फोमचे प्लग औषधाच्या दुकानात वीस-पंचवीस रुपयांना मिळतात. घालायची रीत मात्र शिकावी लागते: बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा, आणि फुगेपर्यंत बोट टेकवून धरायचं. स्वतःचाच आवाज घागरीत बोलल्यासारखा आला की बसला. ताल समजत नाही अशी तक्रार असेल तर वादकांसाठीचे सिलिकॉनचे मिळतात, त्यात सूर बुडत नाहीत, फक्त उतरतात.

पहिल्या वर्षी पोराने एकाच कानात घातला. दुसरा टिपरू उचलताना पडला म्हणे. यंदा मी प्लगची डबी त्याच्या ढोलाच्या पट्ट्याला सुतळीने बांधून दिली. विणकराची गाठ आहे, सहज सुटत नाही.